भिंतीलगतची रांग

चित्रकार ल्यूक फिल्ड्सचं 'हाउसलेस अँड हंग्री' हे चित्र मी पाहिलं ते जुन्या साप्ताहिकांच्या एका बांधीव खंडात. तेव्हापासून एकोणिसाव्या शतकातल्या लंडनचा विषय निघाला की मला आधी तीच रांग दिसते. कडाक्याच्या थंडीत भिंतीला टेकून माणसं उभी आहेत. कुणी पोराला उराशी धरलंय, कुणाला धड उभंही राहवत नाही.

रांग आहे कॅज्युअल वॉर्डची, म्हणजे एका रात्रीच्या आसऱ्याची. १८६४च्या कायद्याने लंडनमध्ये ही सोय करणं बंधनकारक झालं. पोलिसांकडून चिठ्ठी आणायची, आंघोळ नि पाव मिळवायचा, आणि सकाळी त्याची फेड म्हणून खडी फोडायची किंवा जुने दोरखंड उसवायचे. पार्श्वभूमी एवढी पुरे.

मला खरी ओढ आहे ती या चित्रामागच्या लाकडाची. चित्र छापलं गेलं ४ डिसेंबर १८६९ला, 'द ग्राफिक' या साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकात. त्याचे संस्थापक विल्यम ल्यूसन थॉमस स्वतः लाकडावर कोरणारे कारागीर होते. या कामाला बॉक्सवुड हे अतिशय घट्ट लाकूड लागे. त्याचं खोड बारीक, म्हणून मोठ्या चित्रासाठी आडव्या कापाचे लहान ठोकळे मागून स्क्रूने जोडत. घाई असली की ते सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांत वाटत आणि शेवटी एक जण सांध्यावरच्या रेषा जुळवून घेई. ठसा अक्षरांच्या खिळ्यांच्याच उंचीचा, त्यामुळे मजकूर नि चित्र एकाच दाबात छापता येई. भिंग घेऊन जुनी पानं पाहिली तर कधीकधी सांध्याची पुसट पांढरी रेघ सापडते. ती सापडली की मला फार आनंद होतो. ज्यांची नावं कुठेच छापली गेली नाहीत अशा हातांची ती खूण आहे!

चित्र छापलं तेव्हा फिल्ड्स सव्वीस वर्षांचा. त्याला वाढवलं आजीने, मेरी फिल्ड्सने. १८१९ साली मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्ड मैदानात मतदानाच्या हक्कासाठी जमलेल्या लोकांवर घोडदळ घातलं गेलं, तेव्हा ही बाई व्यासपीठावर होती. नातवाची नजर कुठून आली, हे मला वेगळं शोधावंसं वाटत नाही.

चित्रकार मिलेने हा अंक डिकन्सना दाखवला आणि त्यांच्या 'एडविन ड्रूड' कादंबरीची चित्रं फिल्ड्सकडे आली. पुढे १८७४मध्ये त्याने हीच रांग भल्यामोठ्या तैलचित्रात उतरवली. रॉयल अकॅडमीत इतकी गर्दी लोटली की चित्राभोवती कठडा घालावा लागला. एगमच्या रॉयल हॉलोवे कॉलेजात मी ते पाहिलं. भिंतीवरच्या जाहिराती वाचत बराच वेळ उभा होतो. हरवलेल्या कुत्र्याचं बक्षीस टाकून दिलेल्या मुलाच्या बक्षिसापेक्षा मोठं आहे.

तरी माझं मत छापील चित्राच्याच बाजूने. तैलरंगातलं धुकं डोळ्यांना सुखावतं, काळी रेघ सुखावत नाही. गुस्ताव्ह दोरेच्या १८७२च्या 'लंडन' या पुस्तकातले बेघरही भव्य आहेत. पण दोरे रंगमंच उभा करतो, फिल्ड्स रांगेजवळ जाऊन उभा राहतो. व्हॅन गॉगने 'ग्राफिक'मधली चित्रं जमवून जपली होती आणि त्यांत फिल्ड्सचं हे चित्रही होतं.

लंडनला गेलात तर वॉटर्लू स्थानकावरून एगमची गाडी पकडा. चित्रदालन रोज उघडं नसतं, आधी चौकशी करा. पण त्याआधी 'ग्राफिक'चा तो पहिला अंक मिळवून पाहा, आणि सोबत भिंग ठेवा.