मिडी फाईलमध्ये आवाज नसतोच

चार मिनिटांचं गाणं सीडीच्या दर्जात साठवायचं तर सुमारे ४२ एमबी जागा लागते. एमपी३ केलं की तेच साधारण चार एमबीत बसतं. मिडी फाईल मात्र तीस-चाळीस केबीत आटोपते. आवाज पिळून पिळून एवढासा केलाय असं कुणाला वाटेल, पण पिळायला त्यात आवाजच नसतो. कोणता स्वर, कधी, किती जोरात आणि किती वेळ, एवढ्याच सूचना असतात. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकातली स्वरलिपी बघून बंदिश ऐकू येत नाही, ती कुणाला तरी गावी लागते. तसंच हे. मिडी फाईल वाचून गाणारा जो असतो, त्याचं नाव सॉफ्टवेअर सिंथेसायझर.

हे सगळं सुरू झालं ते भांडण मिटवण्यासाठी. १९८० च्या सुमाराला एका कंपनीच्या कीबोर्डचं दुसऱ्या कंपनीच्या कीबोर्डशी जमत नसे. अमेरिकेत सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि जपानमध्ये रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांनी सगळ्यांना चालेल अशा एका सामायिक भाषेचा, म्हणजेच मिडीचा, आग्रह धरला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एका केबलने जोडले गेले. एकावर पट्टी दाबली आणि दुसरा वाजला. प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन केलेली ही व्यवस्था कुणी एकाने मालकीची केली नाही, म्हणूनच ती टिकली असं माझं मत आहे. दोघांनाही २०१३ मध्ये त्यासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं.

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांना हा प्रकार नवा नाही. रोलंडचा १९८५ चा पहिला ऑक्टोपॅड मुका होता. काडी पडली की तो फक्त मिडी संदेश पाठवायचा, आवाज काढायचं काम दुसऱ्या यंत्राचं.

हा संदेश असतो तरी केवढा? तीन बाइट. उदाहरणार्थ १४४, ६०, १००. यातला १४४ सांगतो की पहिल्या चॅनलवर स्वर सुरू करा. ६० म्हणजे पियानोच्या मधोमध येणारा सी, आपल्या भाषेत पांढरी एक. १०० म्हणजे पट्टी किती जोरात दाबली ते, शून्य ते १२७ या मापात. स्वर थांबवायला असाच दुसरा संदेश. केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, म्हणजे एका संदेशाला जेमतेम एक मिलिसेकंद पुरतो. फाईलमध्ये प्रत्येक संदेशाआधी ‘मागच्यानंतर इतक्या ठोक्यांनी’ असं अंतर लिहिलेलं असतं आणि ठोका किती लांब ते वेगळं नोंदवलेलं असतं. त्यामुळे लय दुप्पट केली तरी पट्टी चढत नाही. रेकॉर्डिंग नुसतं जोरात पळवलं तर आवाज चिरका होतो, इथे तो प्रश्नच येत नाही.

आता फ्लुइडसिंथसारखा मोफत सिंथेसायझर या तीन बाइटांचं काय करतो ते पाहू. त्याच्याजवळ साउंडफॉन्ट नावाची फाईल असते, खऱ्या वाद्यांच्या सुट्या सुट्या स्वरांची ध्वनिमुद्रणं भरलेली. ६० क्रमांकाचा स्वर मागितला की तो जवळचा नमुना काढतो. नेमका ६० नसेल आणि ५९ चा असेल, तर तो सुमारे १.०५९५ पट वेगाने वाजवून एक अर्धस्वर वर चढवतो. पण असं चार-पाच स्वरांपलीकडे ताणलं की पियानोचं खेळणं होतं. म्हणून चांगल्या साउंडफॉन्टमध्ये दर दोन-तीन पट्ट्यांना वेगळा नमुना असतो, हलक्या आणि जोरकस आघातांचेही निराळे. पट्टी धरून ठेवली तर? नमुना दोन-तीन सेकंदांचाच असतो. मग सिंथ सुरुवातीचा आघात एकदा वाजवतो आणि पुढचा एक छोटा तुकडा पट्टी सुटेपर्यंत घोटत राहतो. त्या तुकड्याचं टोक आणि सुरुवात नीट जुळली नाही, तर बासरीत बारीक ‘टक्‌ टक्‌’ ऐकू येतं. स्वस्तातला साउंडफॉन्ट ओळखायची ही सोपी खूण. वाजणाऱ्या प्रत्येक स्वरासाठी हा हिशेब सेकंदाला ४४,१०० वेळा होतो, वर सभागृहाचा घुमारा मिसळायचा तो वेगळाच.

मिडी म्हणजे पत्र्याच्या डब्यासारखा आवाज, अशी एक समजूत आहे. त्यात दोष फाईलचा नाही, तेव्हाच्या साउंड कार्डांचा. १९८७ च्या अ‍ॅडलिब कार्डावर यामाहाची एफएम चिप होती. तिच्यात नमुने नव्हतेच. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या पद्धतीने ती एका लहरीने दुसरीला हलवून व्हायोलिनची नक्कल करायची. विंडोजमध्ये आजही जो आवाज ऐकू येतो, तो रोलंडकडून घेतलेल्या सुमारे तीन एमबीच्या संचातला. तीच फाईल १४० एमबीच्या फ्लुइडआर३ साउंडफॉन्टवर वाजवा, तेच वादक चांगली वाद्यं घेऊन बसल्यासारखे वाटतील.

तरी एक तक्रार उरते, आणि ती आपली आहे. १९९१ च्या जनरल मिडीने १२८ वाद्यांचे क्रमांक ठरवून दिले. त्यात १०५ वर सतार आहे, ११२ वर सनई आहे, १२६ वर चक्क हेलिकॉप्टर आहे, पण तबला नाही. ठेका धरायचा तर बोंगो-कोंगावर भागवा! त्याहून मोठी अडचण मींडेची. स्वर वाकवण्यासाठी १६,३८४ पायऱ्यांची सोय आहे, पण ती वाकवते संपूर्ण चॅनलला. सतारीची मींड घ्या, त्याच चॅनलवर तानपुरा असेल तर तोही घसरतो. वेगवेगळे चॅनल करावेत तर ते सोळाच. पट्ट्यांच्या वाद्यावर बेतलेली भाषा शेवटी पट्ट्यांचाच विचार करते. २०२० मध्ये आलेल्या मिडी २.० मध्ये एकेक स्वर सुटा वाकवता येतो, पण जुन्या फाईली १.० च्याच.

तुमच्या जुन्या हार्ड डिस्कवर अशा फाईली असतील तर वाजवून बघा. प्लेअर गप्प राहिला तर फाईल बिघडली असं लगेच समजू नका, बहुतेक वेळा साउंडफॉन्टच जोडलेला नसतो. एकच गाणं दोन-तीन साउंडफॉन्टवर लावून ऐका, मग मत बनवा. आणि आवडलेल्या आवाजात एमपी३ करून ठेवलंत तरी मूळ मिडी फाईल पुसू नका. एमपी३ मधून वाजलेले स्वर सुटे करून परत काढणं फार अवघड असतं, आणि जागा ती अडवून अडवून किती अडवणार, चाळीस केबी!