एरिथ्रोमायसिन आणि रायबोसोमचा बोगदा

जीवाणूंना मारणारे औषध आपल्या पेशींना इजा का करीत नाही, हा प्रश्न वर्गात हमखास विचारला जातो. पेनिसिलिनच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. पेनिसिलिन जीवाणूची पेशीभित्तिका नीट तयार होऊ देत नाही आणि आपल्या पेशींना अशी भित्तिकाच नसते. परंतु एरिथ्रोमायसिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन यांसारखी प्रतिजैविके रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने तयार करणाऱ्या यंत्रणेवर काम करतात. रायबोसोम तर आपल्या पेशींतही असतात. मग थांबते ते जीवाणूचेच काम का?

रायबोसोमचे दोन भाग असतात. लहान भागावर संदेशवाहक आरएनएवरील मजकूर वाचला जातो आणि मोठ्या भागात अमिनो आम्ले जोडली जातात. त्यांची साखळी मोठ्या भागातील एका बोगद्यातून बाहेर पडते. हा बोगदा सुमारे १० नॅनोमीटर लांब आणि १ ते २ नॅनोमीटर रुंद असतो. एरिथ्रोमायसिनचा रेणू बोगद्याच्या सुरुवातीलाच चिकटून बसतो. वाट अरुंद होते आणि बहुतेक साखळ्या थोड्याच लांबीवर अडकतात. काही प्रथिने मात्र रेणूच्या शेजारून निसटतात. तेव्हा बोगद्याला बूच बसले, असे म्हणणे पूर्णपणे बरोबर नाही.

या जागी मोठ्या भागातील आरएनएचा २०५८ क्रमांकाचा घटक महत्त्वाचा ठरतो. (हे क्रमांक एश्चेरिशिया कोलाय या जीवाणूवरून ठरले आहेत.) जीवाणूंत येथे अ‍ॅडेनिन असते, तर मानवी रायबोसोममध्ये त्याच जागी ग्वानिन असते. ग्वानिनचा जादा अमिनो गट औषधाच्या आड येतो. आपली सुरक्षितता मुख्यतः एवढ्याशा फरकावर आहे. रायबोसोमची रचना अणूंच्या पातळीवर उलगडल्याबद्दल वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ व अ‍ॅडा योनाथ यांना २००९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एरिथ्रोमायसिन १९५२ साली वापरात आले. जठरातील आम्लात ते टिकत नाही, ही त्याची उणीव होती. आम्लात त्याच्या सहाव्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गट नवव्या कार्बनवरील कीटोन गटाशी जोडला जातो आणि रेणू निकामी होतो. क्लॅरिथ्रोमायसिनमध्ये या हायड्रॉक्सिल गटावर मिथिल गट बसवलेला आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिनमध्ये कीटोन गटच काढून वलयात नायट्रोजनचा एक अणू घातला आहे, त्यामुळे १४ अणूंचे वलय १५ अणूंचे झाले. दोन्ही औषधे बसतात मात्र त्याच जागी.

गंमत अशी, की जीवाणूही मिथिल गटच वापरतात. प्रतिरोधक जीवाणूंतील एक विकर २०५८ च्या अ‍ॅडेनिनवर एक किंवा दोन मिथिल गट चढवते. मग औषधाला तेथे बसता येत नाही. अनेक जीवाणूंत या विकराचे जनुक निष्क्रिय असते आणि औषध आल्यावरच कामाला लागते. यावर उपाय म्हणून केटोलाइडे तयार झाली. जनुकाला जागे करण्यास कारण ठरणारी एक शर्करा त्यांतून काढली आहे आणि बोगद्यात दुसऱ्या ठिकाणीही पकड घेणारी एक लांब शाखा जोडली आहे. युरोपात २००१ साली मान्यता मिळालेल्या टेलिथ्रोमायसिनमुळे काही रुग्णांच्या यकृताला गंभीर इजा झाली आणि त्याच्या वापरावर मर्यादा आल्या. मुंबईच्या वोक्हार्ट कंपनीने विकसित केलेले नाफिथ्रोमायसिन २०२४ साली जाहीर झाले. तेही केटोलाइडच आहे. परंतु स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या ज्या वाणांत हे विकर सतत तयार होते, तेथे केटोलाइडेही सहसा निष्प्रभ ठरतात.

साध्या सर्दीत अ‍ॅझिथ्रोमायसिन का घेऊ नये, हेही यावरून विद्यार्थ्यांना समजावता येईल. सर्दीच्या विषाणूला स्वतःचा रायबोसोम नसतो. तो आपला रायबोसोम वापरतो आणि तेथे २०५८ च्या जागी ग्वानिन आहे. म्हणजे औषधाला बसायला जागाच नाही. घशातल्या व आतड्यांतल्या निरुपद्रवी जीवाणूंना मात्र ते गाठते. त्यांतले मिथिल गट चढवू शकणारे तेवढे तगतात आणि ते जनुक रोगकारक जीवाणूंकडेही जाऊ शकते. पुढे न्यूमोनिया झाला, तर हेच औषध उपयोगी पडेलच असे नाही.