खाणीच्या तळ्यातील मासे आणि त्यांचे अन्न

कोळशाच्या उघड्या खाणीतील काम संपले म्हणजे जमिनीत एक विस्तीर्ण खड्डा मागे राहतो. पाणी उपसणारे पंप थांबताच भोवतालच्या खडकांतून झिरपणारे भूजल व पावसाचे पाणी त्यात साचू लागते आणि काही वर्षांत तेथे खोल तळे तयार होते. रायपूरच्या गोल बाजारापासून सरळ रेषेत सुमारे २५० किलोमीटर अंतरावर, छत्तीसगडच्या सूरजपूर जिल्ह्यात, बिश्रामपूर हे कोळसाक्षेत्र आहे. तेथील केनापारा येथे अशाच एका तळ्यात नौका चालतात आणि पिंजरे टाकून मासेही वाढविले जातात. जेथे पूर्वी केवळ खडक व कोळसा होता, तेथे मासे कशावर जगतात?

पहिला प्रश्न पाण्याचा होय. कोळशात व लगतच्या खडकांत लोह आणि गंधक यांचे पायराइट नावाचे खनिज असते. हवा व पाणी यांच्याशी त्याची क्रिया होऊन गंधकाम्ल तयार होते. मेघालयातील कोळशात गंधक पुष्कळ असल्याने जयंतिया टेकड्यांतील काही नद्यांचे पाणी आम्ल होऊन तेथील मासे नाहीसे झाले. छत्तीसगड व विदर्भ येथील गोंडवन कोळशात मात्र गंधक बहुधा शेकडा एकाहून कमी असते. म्हणून येथील तळ्यांत मासे जगण्याचा संभव अधिक असतो.

दुसरा प्रश्न अन्नाचा. गावतळे उथळ असते. सूर्यप्रकाश खोलवर पोहोचतो आणि गुराढोरांचे शेण पाण्यात वाहून येते. त्यामुळे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पती व प्राणी, विपुल वाढतात. खाणीच्या तळ्याचे काठ उभे कडे असतात. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते, खालचे थंड व जड राहते, आणि दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत. तळाशी प्राणवायू कमी पडतो. तेथे साठलेली पोषकद्रव्येही वर येत नाहीत. साहजिकच अन्नाचा साठा वरच्या थरात आणि काठाच्या अरुंद पट्टीतच एकवटतो.

कटला, रोहू व मृगळ हे मासे गावतळ्यात एकत्र सुखाने नांदतात, याचे कारण त्यांचे आहार भिन्न आहेत. वर वळलेल्या तोंडाचा कटला पृष्ठभागाजवळील प्राणिप्लवक खातो. रोहू मधल्या थरात शेवाळ व वनस्पतींवर जगतो. मृगळ तळाचा कुजका गाळ वेचतो. खाणीच्या तळ्यात मृगळाची ही जागाच जवळजवळ नाहीशी होते. मरळ मात्र हवेतूनही श्वास घेऊ शकतो आणि काठाशी लहान मासे, बेडूक व कीटक यांची शिकार करतो. कोणता मासा काय खातो, हे त्याच्या पोटातील अन्न सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ठरविता येते. परंतु त्यावरून शेवटच्या जेवणाचीच माहिती मिळते. म्हणून निरनिराळ्या ऋतूंत मासे तपासावे लागतात.

संख्या कशी मोजावयाची? समजा, १०० मासे पकडून, खूण करून सोडून दिले. काही दिवसांनी पुन्हा ८० पकडले, त्यांत १० खुणेचे निघाले. म्हणजे आठांत एक खुणेचा. तेव्हा तळ्यात सुमारे ८०० मासे असावेत. मधल्या काळात पुष्कळ मासे मेले किंवा नवे आले, तर मात्र हा हिशेब चुकतो.

कटला, रोहू व मृगळ यांची वीण साठलेल्या पाण्यात सहसा होत नाही. त्यांना पावसाळी नदीचा प्रवाह लागतो. १९५७ साली डॉ. हीरालाल चौधुरी यांनी ओडिशातील अंगुल येथे मस्तिष्कग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांची वीण घडवून आणली. तेव्हापासून मत्स्यबीज हवे तेव्हा मिळू लागले. तथापि बीज सोडल्याने अन्न वाढत नाही. पिंजऱ्यातील माशांना खाद्य बाहेरून मिळते, पण उरलेले खाद्य व विष्ठा तळाशी कुजून तेथील प्राणवायू आणखी घटवितात. वादळाने किंवा हिवाळ्याच्या थंडीने थर एकाएकी मिसळले, तर ते निकस पाणी वर येऊन सारे पिंजरे एका रात्रीत रिकामे होऊ शकतात.

म्हणूनच बीज सोडण्यापूर्वी प्राणवायू कोणत्या खोलीपर्यंत आहे, हे मोजणे आवश्यक ठरते. माशांच्या मांसात जड धातू उतरले आहेत काय, याचीही तपासणी व्हावयास हवी. खाणीचे तळे गावाचे अन्न वाढवू शकेल. पण किती, हे तेथील पाणीच ठरविते.