मधली तीन वर्षं

अमेरिकेत सव्वाशे वर्षांपूर्वी आठ वर्षं प्राथमिक शाळा आणि चार वर्षं हायस्कूल अशी सरळ विभागणी होती. बरीच मुलं हायस्कूलचं तोंड न पाहताच कामाला लागत. जी पुढे जात त्यांच्या वाट्याला बीजगणित आणि परभाषा फार उशिरा येतात, अशी उच्चशिक्षणवाल्यांची तक्रार होती. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या समितीने १८९३ मध्ये हे विषय आधीच सुरू करा, असं सुचवलं. १९०४ मध्ये मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅनली हॉल यांचे किशोरवयावरचे दोन जाडजूड खंड आले, आणि या वयाकडे वेगळं पाहण्याला बळ मिळालं. १९०९ मध्ये ओहायोतल्या कोलंबसमध्ये सातवी ते नववीचं ज्युनिअर हायस्कूल निघालं, आणि हा नमुना देशभर पसरला.

यात एक गोम होती. कॉलेजप्रवेशासाठी नववीचे गुण हायस्कूलच्या हिशेबात धरले जात. म्हणून नववीला हायस्कूलचं वेळापत्रक लावणं भाग होतं, आणि तेच शिक्षक खालीही शिकवत असल्याने सातवी-आठवीही त्याच साच्यात गेली. दर तासाला घंटा, दर घंटेला नवी खोली, नवे शिक्षक.

१९६३ मध्ये शिक्षणतज्ज्ञ विल्यम अलेक्झांडर कॉर्नेल विद्यापीठात ज्युनिअर हायस्कूलवर बोलायला निघाले होते. विमान रखडलं, आणि त्या वेळात त्यांनी भाषणाचा रोख बदलला, असं सांगतात. नववी वर पाठवा, पाचवी-सहावी खालून घ्या आणि मधली शाळा (मिडल स्कूल) खऱ्या अर्थाने मधली करा, हे त्यांचं म्हणणं. मात्र कल्पना फोफावली ती केवळ तत्त्वापोटी नव्हे. प्राथमिक शाळांत बाकं पुरेनाशी झाली होती, आणि काही शहरांत गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र आणायला शाळांची फेरजुळणी करावीच लागत होती. तत्त्वज्ञान बऱ्याच ठिकाणी मागाहून चिकटवलं गेलं.

तरी तत्त्वात दम होता. दहा ते चौदा या वयात मुली साधारण दोन वर्षं आधी उंच होतात, त्यामुळे एकाच बाकावर बाई दिसणारी मुलगी आणि पोरसवदा मुलगा शेजारी बसतात. मेंदूतलं झोपेचं घड्याळ मागे सरकतं. रात्री लवकर डोळा लागत नाही आणि सकाळी उठवत नाही. (कॅलिफोर्नियात २०२२ पासून बहुतेक मिडल स्कूल आठच्या आत भरवता येत नाहीत, ते यामुळेच.) ‘असं का?’ विचारायची खुमखुमी येते, मित्रांचं मत आईबापांच्या मतापेक्षा जड होतं, आणि तरीही आपल्याला ओळखणारं एक मोठं माणूस लागतंच.

ते माणूस वेळापत्रकात कसं बसवायचं? त्यासाठी मिडल स्कूलमध्ये गणित, विज्ञान, भाषा आणि समाजशास्त्राचे चार शिक्षक मिळून एक गट करतात. शंभरेक मुलं फक्त त्यांची. वर्ग शेजारी शेजारी, आणि रोज एक मोकळा तास चौघांचा मिळून. त्या तासाला कळतं की विज्ञानाचा प्रकल्प, निबंध आणि गणिताची चाचणी तिन्ही गुरुवारीच पडलीत. एक पुढे ढकलली जाते. एखाद्याचा गृहपाठ एकाच विषयात राहिला तर विसरभोळेपणा. चारही विषयांत राहिला तर घरी फोन जातो. प्रयोगाला वेळ हवा असेल तर गटच दोन तास जोडून देतो, मुख्य घंटेला धक्का न लावता. शिवाय रोज थोडा वेळ पंधरा-वीस मुलं एकाच शिक्षकाजवळ बसतात. तिथे अभ्यास नसतो, विचारपूस असते.

जिथे हा मोकळा तास नाही तिथे फक्त पाटी बदलते, आणि शाळा बदलण्याचा तोटा तेवढा उरतो. मिल्वॉकीतल्या अभ्यासात संशोधक रॉबर्टा सिमन्स आणि डेल ब्लिथ यांना दिसलं की सातवीत नव्या शाळेत गेलेल्या मुलींचा आत्मसन्मान, आठवीपर्यंत एकाच शाळेत राहिलेल्या मुलींपेक्षा जास्त घसरला. न्यूयॉर्क शहरातही मिडल स्कूलमध्ये गेलेल्या मुलांचे गुण तशाच तुलनेत घसरल्याचं जोना रॉकॉफ आणि बेंजामिन लॉकवूड यांनी २०१० मध्ये मांडलं. फिलाडेल्फिया, बाल्टिमोरसारखी शहरं बऱ्याच अंशी बालवर्ग-ते-आठवीच्या एकसंध शाळांकडे वळली.

आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवी हा वेगळा टप्पा आहे आणि त्यात विषयशिक्षक अपेक्षित आहेत. म्हणजे एका मुलाचे चार-पाच शिक्षक होणार. त्यांना एकत्र बसायला तास द्यायचा तर तेवढ्या वेळात वर्ग सांभाळायला जादा माणूस लागतो. शिक्षकांच्या जागा रिकाम्या असलेल्या शाळेत सगळ्यात आधी तोच तास कापला जाईल.