मनाचे आजार व व्यसन : उपचार वेळेवर घ्या



या अंकात खोडव्याच्या खतांबद्दल लिहायचे ठरले होते. ते पुढील अंकी येईल. आजचा विषय शेतकी खात्याचा नाही असे काहींना वाटेल. मलाही तीन वर्षे तसेच वाटत होते.

आपल्याच कार्यक्षेत्रातील एक सभासद. नाव-गाव सांगत नाही. चार एकर बागायत, विहिरीला भरपूर पाणी. एकरी ४५ टन ऊस देणारे हे भाऊ तीन हंगामांत २० टनांवर आले. दर वर्षी पाहणीला मीच जात होतो. माझ्या डायरीत पहिल्या वर्षी 'नांग्या भरल्या नाहीत', दुसऱ्या वर्षी 'वरखताचा हप्ता चुकला' आणि तिसऱ्या वर्षी 'तण फार, बांधणी नाही' अशा नोंदी आहेत. तिन्ही नोंदी खऱ्या. पण हे का झाले, असे मी एकदाही विचारले नाही. शेवटी बांधावर त्यांच्या पत्नीच म्हणाल्या, "साहेब, तुमी दरसाल उसाचं पाह्यता. उसाच्या मालकाचं कोन पाह्यते?"

मग सगळे कळले. धाकटा भाऊ अपघातात गेला तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. झोपेसाठी म्हणून दारू सुरू झाली आणि पुढे सकाळपासूनच लागू लागली. घरच्यांनी शपथा घातल्या, गळ्यात माळ घातली. काही उपयोग होईना, तेव्हा खोलीत कोंडून दारू एकदम बंद केली. तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, भिंतीवर नसलेली माणसे दिसू लागली, फेफरे आले. लोक म्हणाले, बाहेरची बाधा आहे.

ही बाधा नव्हे, आजार आहे

रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या हिशेबाने चालायला शिकलेला असतो. ती एकदम तोडली की दोन-तीन दिवसांत घाम, कंप, भास, फेफरे असा प्रकार होतो. यात जीवही जाऊ शकतो. म्हणून अशा माणसाची दारू घरी कोंडून नव्हे, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी लागते. त्यासाठी औषधे आहेत.

मनाच्या उदासीचेही तसेच. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, भूक नाही, कशात मन लागत नाही, 'माझं काही खरं नाही' अशी भाषा तोंडी येते, तर तो आळस नव्हे आणि करणीही नव्हे. काणी रोगाचा काळा पट्टा शेंड्यातून बाहेर पडतो तेव्हा आपल्याला दिसतो, पण रोग त्याच्या कितीतरी आधीच बेण्यातून आलेला असतो, हे आपण जाणतो. माणसाच्या बाबतीतही पट्टा बाहेर पडेपर्यंत थांबू नये.

बंगलोरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशभर पाहणी केली. प्रौढांपैकी १० टक्क्यांहून अधिक लोकांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. २०१९ च्या केंद्र सरकारच्या व्यसनविषयक पाहणीनुसार, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला काही उपचार मिळालेले होते. बाकीचे ३७ आपल्यासारख्यांच्याच घरी आहेत.

नागपुरात काय सोय आहे?

मानकापूरजवळचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे. आपण त्याला 'पागलखाना' म्हणतो आणि त्या नावाच्या धास्तीनेच पेशंटला तिकडे नेत नाही. तिथे गेलेला माणूस परत येत नाही ही समजूत आता सोडावी. बाह्यरुग्ण विभागात दाखवून, औषध घेऊन माणूस त्याच दिवशी घरी येऊ शकतो. टाटा ट्रस्ट्‌स व राज्य शासन यांनी २०१६ मध्ये 'उडान' नावाचा प्रकल्प हाती घेतला. या रुग्णालयाची सुधारणा करणे आणि जिल्ह्यात गावपातळीपर्यंत सेवा नेणे हा त्याचा हेतू होता. मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स येथेही मानसोपचार विभाग आहेत.

११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी नागपूरच्या एम्सचे लोकार्पण झाले आणि समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा भाग खुला झाला. आपला भाग झपाट्याने वाढतो आहे. जमिनीचे पैसे येतात, धाबे वाढतात, मुले कंपनीत जातात, म्हातारी माणसे घरात एकटी पडतात. रस्त्यांबरोबर या सेवाही गावापर्यंत आल्या पाहिजेत.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये व जिल्हा कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. जिल्ह्याच्या पथकाची तपासणी आपल्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या दिवशी असते, ते तिथे विचारून ठेवावे. जाणे शक्य नसेल तर 'टेलिमानस'चा क्रमांक १४४१६ आहे. व्यसनासाठी १४४४६ आहे. दोन्ही मोफत.

पोलिसांच्या भीतीने काही घरे विष घेतल्याचे लपवतात आणि मोलाचा वेळ जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस गुन्हेगार नसून तीव्र ताणाखाली आहे असे धरले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने ३०९ कलम नाही. तेव्हा आधी दवाखाना गाठा.

शेजारच्या अमरावतीचा अनुभव

डॉक्टर थोडे आणि गावे फार, मग कसे व्हायचे? अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने याचे उत्तर शोधले. गावातल्याच कार्यकर्त्यांना माणसाचे ऐकून कसे घ्यावे, उदासी कशी ओळखावी आणि कोणाला डॉक्टरांकडे पाठवावे, हे शिकवले. सुरुवातीला उदासीच्या आजारातील शंभरांपैकी चार जणांनाच मदत मिळत होती. १८ महिन्यांनी हे प्रमाण २७ वर गेले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. मोठ्या इमारतीशिवाय हे झाले, हे ध्यानात घ्यावे.

आपण काय करावे?

एक गोष्ट आपल्या घरची आहे. एक टन उसामागे ४०-४५ किलो मळी निघते व तीपासून दहा लिटरच्या आसपास अल्कोहोल होते. त्यातले बरेच आज इथेनॉल म्हणून पेट्रोलमध्ये जाते. पण देशी दारूतही मळीचेच स्पिरिट असते. ज्या धंद्यावर आपली घरे चालतात, त्याच्याच एका पदार्थाने काही घरे बसतात. हे मान्य करून पुढील गोष्टी कराव्यात, ही विनंती.

१) कीटकनाशके व तणनाशके कुलपात ठेवा, किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे द्या. श्रीलंकेत अतिविषारी औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली, तेव्हा १९९५ ते २०१५ या काळात आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. रागाचा क्षण टळला की माणूस वाचतो.

२) घरात कोणी रोज पीत असेल, तर दारू एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

३) उपचारानंतर पुन्हा प्याला म्हणून माणसाला टाकून देऊ नका. पुन्हा न्या. 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'च्या सभा नागपुरात भरतात. तिथे दारू सोडलेली माणसेच एकमेकांना सांभाळतात. फी नसते.

४) ऊस मोडलेला दिसला की शेजाऱ्याने एकदा घरी जाऊन बसावे. उपदेश करू नये, ऐकून घ्यावे.

ते भाऊ नागपूरच्या सरकारी दवाखान्यात बारा दिवस होते. पोळ्याला पुन्हा प्याले, पुन्हा गेले. आता सव्वा वर्ष झाले. गेल्या हंगामात एकरी ३२ टन ऊस आला. ४५ अजून दूर आहेत, पण यंदा नांग्या भरल्या आहेत आणि बांधणी वेळेवर झाली.

आमच्या गटातील कर्मचाऱ्यांना मी सांगितले आहे की पाहणीच्या वेळी प्लॉटबरोबर घरच्यांची ख्यालीखुशालीही विचारावी. कोणाला दवाखान्यात सोबत हवी असेल, तर गट ऑफिसमध्ये मला निरोप द्यावा. ही गोष्ट बाहेर जाणार नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी