हेडलाइटच्या काचेला घाम का फुटतो?

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागातल्या रस्त्यांना रात्र काय नि दिवस काय, सारखेच. सकाळी तोडणी, दुपारनंतर भरणी आणि रात्रभर वाहतूक. उसाने भरलेला ट्रॅक्टर कारखान्यावर येतो, नंबर लावतो आणि काट्यावर जाईपर्यंत दोन-चार तास, गर्दी असली तर त्याहून जास्त, मोकळ्या मैदानात थंडीत उभा राहतो. गव्हाणीवर माल खाली करून पहाटे परत निघताना ड्रायव्हर दिवे लावतो, तर उजेड पडतो तो धुरकट, चाकापुढे चार हातांवर. फडके घेऊन काच पुसली तरी फरक नाही. कारण घाम बाहेरून नसतो, आतून आलेला असतो.

याबाबत वाहनधारक सभासदांत दोन मते ऐकू येतात. काही म्हणतात, थंडीत असे व्हायचेच, त्याला काय करायचे? दुसरे लगेच दुकान गाठून नवा दिवा आणतात. दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे. काचेवर आतून येणारे धुके आणि दिव्यात साचलेले पाणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला खर्च नाही, दुसरीला दुर्लक्ष चालत नाही. हा फरक ओळखायचा कसा, तेवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

हवेत पाण्याची वाफ असतेच. हवा गरम असली की जास्त वाफ मावते, थंड झाली की कमी. आकडेच द्यायचे तर ३० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशाला सुमारे १७ ग्रॅम आणि १० अंशाला नऊ ग्रॅमच्या थोडी वर. हवा गार झाली की न मावणारी वाफ जवळच्या सगळ्यांत थंड वस्तूवर पाणी होऊन बसते. माठातले गार पाणी तांब्यात घेतले की तांब्याला बाहेरून घाम येतो तो असाच. आणि ज्यांनी कंदील वापरला आहे त्यांना आणखी एक गोष्ट आठवेल. थंडीच्या दिवसात कंदील पेटवून काच खाली बसवली की ती आतून क्षणभर वाफाळते, मग तापली की लख्ख होते. रॉकेल जळताना वाफ तयार होते, ती थंड काचेवर बसते आणि काच तापताच निघून जाते. हेडलाइटमध्ये वाफ येण्याची वाट वेगळी, पण काचेवरचा प्रकार तोच.

आता कुणी विचारील, हेडलाइट तर बंद असतो, मग आत वाफ शिरते कुठून? तर दिवा बंद दिसतो, पण हवाबंद नसतो. मुद्दामच ठेवलेला नसतो. हॅलोजन बल्ब जळू लागला की आतली हवा तापते आणि फुगते. २० अंशाची हवा ६० अंशावर गेली तर ती सातव्या-आठव्या हिश्शाने वाढते. तीन लिटर पोकळीचा दिवा धरला तर सुमारे एक-तृतीयांश लिटर हवा बाहेर जायलाच हवी. तिला वाट नसेल तर काचेचा जोड निसटेल. म्हणून मागच्या बाजूला बारीक नळी किंवा छिद्र ठेवलेले असते. नळीचे तोंड बहुधा खाली वळवलेले असते. काही नव्या दिव्यांत छिद्रावर असा पातळ पडदा असतो की त्यातून वाफ जाते, पाणी जात नाही. दिवा विझला की उलट होते. आतली हवा आखडते आणि बाहेरची हवा ओढून घेतली जाते. थोडक्यात, दिवा रोज श्वास घेतो.

पूर्वी याचा बंदोबस्त दुसऱ्या टोकाने केला गेला होता. अमेरिकेत १९४० च्या सुमारास सील्ड बीम दिवा सक्तीचा झाला. काच, रिफ्लेक्टर आणि तार हे सगळे एकाच बंद भांड्यात. त्याआधी हवा-ओल लागून रिफ्लेक्टर काळे पडत, ते थांबले. परंतु तार जळाली की अख्खा दिवाच बदलावा लागे. पुढे १९८३ पासून तिथेही सुटा बल्ब असलेल्या दिव्यांना परवानगी मिळाली. सुटा बल्ब सोयीचा, स्वस्त. पण त्याबरोबर हा श्वास आलाच.

कारखान्याच्या मैदानावरच्या ट्रॅक्टरचे पाहा. येताना दिवा तापलेला असतो. नंबरात उभे राहिल्यावर बॅटरी उतरू नये म्हणून ड्रायव्हर दिवे बंद करतो, आणि ते बरोबरच आहे. ५५ वॅटचे दोन बल्ब बारा व्होल्टच्या बॅटरीतून नऊ अँपिअरपेक्षा जास्त करंट खातात. दिवा निवत जातो आणि नेमकी दवाची हवा आत ओढतो. पाण्याखालची जमीन, कॅनॉल, नदीकाठ यामुळे आपल्याकडची रात्रीची हवा ओली असतेच. त्यात आभाळ निरभ्र असेल तर उघड्यावरच्या काचा नि पत्रे भोवतालच्या हवेहूनही जास्त निवतात. झाडाखालच्या गवतावर दव कमी नि माळावरच्या गवतावर जास्त, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. शेडमध्ये किंवा झाडाखाली लावलेल्या गाडीची काच कमी वाफाळते, त्याचे कारणही तेच.

हे झाले धुके. आता हिशेब करू. तीन लिटरच्या दिव्यात ३० अंशाची पूर्ण ओली हवा भरली तरी तिच्यात वाफ किती? ०.०९ ग्रॅम. म्हणजे पाण्याचे जेमतेम दोन थेंब. तेही सगळे काचेवर येत नाहीत. तेव्हा दिव्याच्या तळाशी चमचाभर पाणी डुचमळत असेल तर ते एका रात्रीच्या हवेतून आले, यावर कुणी विश्वास ठेवू नये. ते पाणी पाणी म्हणूनच शिरलेले आहे. पावसातून, चिखलातून, नाहीतर आपणच मारलेल्या पाईपातून.

म्हणून परीक्षा सोपी आहे. आधी काच बाहेरून पुसा. निघाले तर बाहेरचे दव, प्रश्न मिटला. नाही निघाले तर इंजिन सुरू करून दिवे लावा आणि पंधरा-वीस मिनिटे थांबा. कडेकडेने काच मोकळी होत गेली तर नुसता श्वास आहे, चिंता नको. थेंब ओघळताना दिसले, तळाशी पाणी राहिले, दुपारच्या उन्हातही धुके गेले नाही, किंवा दोनपैकी एकाच दिव्यात रोज येऊ लागले, तर कुठेतरी गळती आहे. हे शेवटचे लक्षण आम्हाला सगळ्यांत भरवशाचे वाटते. थंडी दोन्ही दिव्यांना सारखीच असते, भोक मात्र एकालाच पडते. (प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी पडून अंधुक झाली असेल तर ती गोष्ट वेगळी, ती बाहेरच्या पृष्ठभागावर असते आणि दिवा तापवून जात नाही.)

गळती बहुतेक वेळा मागेच सापडते. बल्बच्या मागे रबरी टोपण असते. घाईत बल्ब बदलताना ते नीट बसत नाही, फाटते, किंवा "राहू दे की, चालतंय" म्हणून बाजूला टाकले जाते. हल्ली हॅलोजनच्या जागी पंखा लावलेला एलईडी बल्ब घालण्याची टूम निघाली आहे. त्याचे बूड मोठे, म्हणून टोपण बसतच नाही. मग धुळीला नि पाण्याला दारच उघडे. शिवाय एलईडीची उष्णता पुढे काचेकडे न जाता मागे जाते, त्यामुळे आलेले धुके हटायलाही वेळ लागतो. कंपनीनेच एलईडीसाठी बनवलेला दिवा असेल तर त्यात या सगळ्याचा विचार केलेला असतो. हॅलोजनच्या घरात घुसवलेल्या एलईडीत तो नसतो, आणि उजेडही नको तिकडे फाकतो.

दुसरी जागा काचेचा जोड आणि दगड लागून पडलेली चीर. तिसरी, चिखलाने बुजलेली हवेची नळी. हिच्यातून पाणी येत नाही, पण आलेली ओल बाहेरही जात नाही. नळी मऊ ब्रशने साफ करावी. पडदा असेल तर तार खुपसू नये. चौथे कारण आपल्या सवयीचे. लांबचा फेरा करून आलेली गाडी तशीच पाईपाखाली धरायची. तापलेल्या दिव्यावर गार पाणी पडले की आतली हवा एकदम आखडते आणि जोडातल्या फटीतून पाणीच ओढून घेते. काचेचा दिवा असला तर तडकतोही. दिवा निवू द्यावा, मग धुवावे, आणि जोराची धार जोडावर नि मागून मारू नये.

यात एवढे लिहिण्यासारखे काय, असे वाटेल. पण काचेवरचे बारीक थेंब उजेड नुसता कमी करत नाहीत, तो विस्कटतात. खाली रस्त्यावर पडायचा उजेड वर-बाजूला फाकतो. आपल्याला रस्ता दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपतात, असे दुहेरी नुकसान. ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटारसायकल सेकंदाला सुमारे १७ मीटर धावते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, म्हणजे २५ मीटर तर पायातच गेले. दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची गोष्ट आणखी अवघड. वेग कमी, पण मागचे वजन जागच्या जागी थांबू देत नाही. कडेने चाललेली बैलगाडी, तोडणी कामगारांची पायी चाललेली बायका-पोरे ही दिसली तर वीस पावलांवरून दिसून उपयोग नाही, लांबून दिसायला हवीत.

दुरुस्ती अवघड नाही. दिवा काढावा, बल्ब व टोपण काढून तोंड खाली करून पाणी निथळू द्यावे आणि चांगल्या उन्हात दोन-तीन तास ठेवावा. आतून फडक्याने पुसण्याचा मोह टाळावा. रिफ्लेक्टरवरचा ॲल्युमिनिअमचा मुलामा इतका पातळ असतो की एका पुसण्यात निघतो, आणि मग दिवा कोरडा असूनही उजेड देत नाही. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल राहिले की तिथे काच जास्त तापून बल्ब लवकर जातो. टोपण फाटले असेल तर नवे घालावे, वस्तू किरकोळ किमतीची आहे. जोड उघडा पडला असेल तर सिलिकॉनने भरावा, पण व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन आणू नये. त्यातून सुटणारे आम्ल मुलामा खाते. बिनवासाचे, न्यूट्रल म्हणून मिळणारे घ्यावे. आणि हवेची नळी मात्र बुजवू नये.

काही मिस्त्री दिव्याला खालून भोक पाडून देतात. पाणी निघते, हे खरे. पण त्याच भोकातून रस्त्यावरचा फुफाटा नि कारखान्यावरचा भुसा आत जातो आणि महिन्याभरात रिफ्लेक्टर मातकट होतो. आत ओल शोषणारी पुडी टाकण्याचा उपायही सांगितला जातो. दिवा रोज श्वास घेतो, म्हणून पुडी लवकरच भरते, आणि सुटून बल्बला चिकटली तर नवेच दुखणे. धुके हटत नाही म्हणून जास्त वॅटचा बल्ब घालू नये. वायर आणि होल्डर त्या करंटसाठी केलेले नसतात, ते वितळतात.

नंबरात थांबलेल्यांनी एवढे करावे. गव्हाणीवरून सुटल्यावर इंजिन चालू झाले की दिवे लावावेत, आणि कागदपत्रे होईपर्यंत, चहा होईपर्यंत ते तापू द्यावेत. काच मोकळी झाल्यावरच गेटाबाहेर पडावे.

राहिली ट्रॉली. मागच्या लाल दिव्यात पाणी भरलेले कितीतरी ट्रॉल्यांवर दिसते, आणि तिकडे ड्रायव्हरची नजर जातच नाही. या दिव्यांपैकी अनेकांना खालच्या अंगाला पाणी निघायची खाच असते. दिवा उलटा बसवला की खाच वर येते आणि दिव्याची वाटी होते. तो सुलटा करावा. होल्डरला हिरवट गंज चढला असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून त्यावर पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा. वाहनांना परावर्तक लावण्याची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०४ मध्ये आहे. परावर्तकात वाफ शिरत नाही, बल्ब जळत नाही. फक्त त्यावरचा चिखल पुसावा लागतो, आणि बाहेर लोंबणारा ऊस त्याच्यावर येणार नाही अशी भरणी करावी लागते.