भात डोंगर कसा चढतो?

दोस्तांनो, एक कोडं घालू का? वेल्ह्याच्या खाचरात पिकलेला भात सिंहगड चढतो, मग राजगड चढतो आणि शेवटी तोरणाही चढतो. पाठीवर पोतं नाही, बैलगाडी नाही, जीपही नाही. मग तो चढतो कसा?

धावणाऱ्या माणसाच्या पायांतून!

पुणे जिल्ह्यात हिवाळ्यात, डिसेंबरच्या सुमाराला, सिंहगड-राजगड-तोरणा अशी एक भन्नाट शर्यत होते. तिला सगळे ‘एसआरटी अल्ट्रा’ म्हणतात. त्यातली तीन गडांची धाव सुमारे ५३ किलोमीटरची असते. नेहमीची मॅरेथॉन असते ४२.१९५ किलोमीटरची, आणि तीही बहुतेक वेळा डांबरी रस्त्यावर. इथे मात्र कारवीच्या रानातल्या पायवाटा, घसाऱ्याचे उतार, कातळातल्या पायऱ्या, आणि राजगडाच्या संजीवनी माचीपासून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी ती लांबलचक डोंगरधार. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूलाही दरी. तिथून धावणाऱ्यांना काय काय दिसत असेल, विचार करा!

आता खरा प्रश्न. एवढं अंतर माणसाला झेपतं कसं? चित्ता आपल्यापेक्षा कितीतरी वेगवान, पण काहीशे मीटर पळाला की तो थांबतो. माणूस मात्र तासन् तास धावू शकतो. या करामतीत तिघांचा हात आहे: पोटातलं अन्न, कातडीवरचा घाम आणि पायाखालचा डोंगर. एकेकाची गाठ घेऊ या.

ताटातून मांडीत

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांच्या पश्चिम भागात पाऊस नुसता कोसळतो. म्हणून तिथलं मुख्य पीक भात. आषाढात गुडघाभर चिखलात लावणी होते, दिवाळीच्या आगेमागे कापणी, आणि शर्यतीच्या दिवसांत वाटेवरच्या वाड्यांमध्ये पेंढ्याच्या गंजी रचलेल्या दिसतात.

इथलं लाडकं वाण म्हणजे इंद्रायणी. त्याचे आईबाप माहीत आहेत? एक सुवासिक आंबेमोहोर १५७, आणि दुसरा भरघोस पीक देणारा आयआर ८. मावळातल्या कृषी संशोधन केंद्रात या दोघांचा संकर झाला आणि १९८७ साली इंद्रायणी शेतकऱ्यांच्या हाती आला. वास आंबेमोहोराकडून, उत्पन्न आयआर ८ कडून! सुवासिक तांदूळ शिजताना घरभर जो घमघमाट सुटतो, तो मुख्यतः ‘टू-अ‍ॅसिटिल-वन-पायरोलिन’ या रसायनाचा. नाव जिभेला वळत नाही, पण नाक मात्र त्याला लगेच ओळखतं.

इंद्रायणीचा भात थोडा चिकट होतो, हेही तुम्ही पाहिलं असेल. तांदळात दोन प्रकारचा स्टार्च असतो. अमायलोजच्या साखळ्या लांब आणि सरळ, तर अमायलोपेक्टिनच्या साखळ्यांना फांद्याच फांद्या. अमायलोज कमी असलं की शिजलेली शितं एकमेकांना धरून बसतात.

हा भात पोटात गेला की स्टार्चच्या साखळ्या तुटतात आणि ग्लुकोज तयार होतं. लगेच लागणारं ग्लुकोज वापरलं जातं. उरलेलं शरीर पुन्हा जोडतं आणि ‘ग्लायकोजेन’ करून स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवतं. म्हणूनच शर्यतीच्या आदल्या रात्री धावपटू पोटभर भात खातात.

आता जरा गणित करू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ४५० ग्रॅम ग्लायकोजेन मावतं. एका ग्रॅममधून ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. म्हणजे झाल्या १८०० किलोकॅलरी. ६० किलो वजनाच्या माणसाला सपाटीवर एक किलोमीटर धावायला सुमारे ६० किलोकॅलरी लागतात. करा भागाकार! उत्तर आलं ३० किलोमीटर. आणि शर्यत तर ५३ किलोमीटरची, त्यात तीन गडांची चढण!

अंगातली चरबीही जळत असते आणि तिचा साठा भरपूर असतो. पण चरबीतून ऊर्जा सावकाश सुटते. ग्लायकोजेन संपत आलं की पाय शिशाचे होतात, डोकं चालत नाही. धावणारे म्हणतात, ‘भिंत आली!’ ती भिंत येऊ नये म्हणून वाटेत थोड्या थोड्या वेळाने काहीतरी तोंडात टाकावं लागतं: केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. राजगडावर गावकरी जे गरमागरम पिठलं-भाकरी खायला देतात, ते मात्र निवांत बसून खायचं. बेसनातली प्रथिनं दमलेल्या स्नायूंच्या दुरुस्तीला लागतात, आणि ती पचायलाही वेळ लागतो.

घाम आला? शाबास!

खाल्लेल्या अन्नातली सगळी ऊर्जा पाय हलवायला मिळते असं समजू नका. जेमतेम पाव हिस्सा हालचालीसाठी मिळतो. बाकी तीन हिश्शांची होते उष्णता. आपला ६० किलोचा धावपटू तासाला आठ किलोमीटर धावतोय असं समजा. शरीराला गार व्हायची काहीच सोय नसती, तर एका तासात त्याचं तापमान सुमारे सात अंशांनी चढलं असतं. म्हणजे ३७ वरून थेट ४४! एवढ्या तापात कुणीही जगू शकत नाही.

मग त्याला वाचवतं कोण? घाम. आपल्या कातडीत २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी असतात. घामाचं पाणी वाळताना, म्हणजे त्याची वाफ होताना, अंगातली उष्णता घेऊन जातं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. कुत्र्याला जीभ बाहेर काढून धापा टाकाव्या लागतात, पण आपण सगळ्या अंगाने गार होतो. शिवाय आपल्या अंगावर दाट केसही नाहीत. म्हणून लांब पल्ल्याला माणूस भल्याभल्या प्राण्यांना भारी पडतो.

हे आत्ताच करून बघा. एका मनगटावर पाण्याचं बोट फिरवा, दुसरं मनगट कोरडं ठेवा. मग दोन्हींवर हळूच फुंकर मारा. ओलं मनगट जास्त गार लागलं ना? हीच ती करामत.

म्हणूनच ही शर्यत डिसेंबरमध्ये. जुलैत याच डोंगरांवर हवेत इतकी वाफ असते की घाम वाळतच नाही, नुसता ठिबकत राहतो. ठिबकणारा घाम गारवा देत नाही. हिवाळ्यात हवा कोरडी असते. त्यात उंचीची मदत मिळते. दर हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, आणि तोरणा तर समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंच, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच गड!

घामाबरोबर मीठही जातं. म्हणून नुसतं पाणी ढोसून भागत नाही. गडावर मिळणारं लिंबूसरबत आठवा: पाणी, साखर, मीठ, लिंबू. आपल्या लहान आतड्यात एक दार असं आहे, की ते बँकेच्या लॉकरसारखं दोन किल्ल्यांनी उघडतं. एक किल्ली मिठातलं सोडियम, दुसरी ग्लुकोज. दोन्ही एकदम आले की दोघं आत जातात आणि त्यांच्यामागून पाणीही भरभर आत ओढलं जातं. जुलाब झाल्यावर डॉक्टर जी जलसंजीवनी देतात, तिचंही तत्त्व हेच.

५४ वर्षं चाललेली मॅरेथॉन

उन्हापुढे मोठमोठे धावपटूही हतबल होतात. १९१२ साली स्वीडनमधल्या स्टॉकहोम शहरात ऑलिंपिक झालं. मॅरेथॉनच्या दिवशी कडक ऊन पडलं होतं. निम्म्याच्या आसपास धावपटूंनी शर्यत अर्ध्यात सोडली. त्यातला एक होता जपानचा शिझो कानाकुरी. उन्हाने बेजार होऊन तो वाटेतच थांबला, एका कुटुंबाने त्याला आसरा दिला, आणि तो शर्यतीच्या अधिकाऱ्यांना न सांगताच आपल्या देशी परतला. पुढे १९६७ साली स्वीडनने या आजोबांना पुन्हा बोलावलं. त्यांनी राहिलेली शर्यत पुरी केली! वेळ नोंदवली गेली: ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं, २०.३ सेकंद.

या कानाकुरींचा आपल्या मातीशीही संबंध आहे बरं का. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत शेतकरी मुलं अनवाणी धावताना पाहून दोराबजी टाटांना वाटलं, ही मुलं ऑलिंपिकला गेली पाहिजेत. पुढच्याच वर्षी बेल्जियममधल्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटा संघ गेला. त्यात होते बेळगावचे फडेप्पा चौगुले. मॅरेथॉनमध्ये ते १९ वे आले. आणि १६ वे कोण आले माहीत आहे? शिझो कानाकुरी!

कानाकुरी जपानच्या कुमामोतो प्रांतातले. तिथल्या कुमामोतो शहरात २०१२ पासून किल्ल्याच्या नावाने मॅरेथॉन होते आणि धावणारे शेवटी किल्ल्यातच पोचतात. शहराच्या पूर्वेला आसो हा जागता ज्वालामुखी आहे. तिथला आवडता खाऊ म्हणजे ‘इकिनारी दांगो’: रताळ्याची जाड चकती आणि लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण, पिठाच्या पारीत भरून वाफवलेलं. जपानी लोक धावण्याच्या आधी चिकट भाताचे गोळेही खातात, कधी आत खारवलेलं आंबट फळ घालून. भात आणि मीठ! आपल्या भात-लोणच्याचंच शास्त्र ते. किल्ला, ज्वालामुखी, रताळं, चिकट भात; तिथे जे आहे ते सगळं भोर-वेल्ह्यातही आहे. ज्वालामुखीसुद्धा! फक्त आपला विझून गेलाय.

पायाखाली लाव्हा

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा वाहू लागला. एक थर थिजला की त्यावर दुसरा, मग तिसरा. पश्चिम घाटात या थरांची एकूण जाडी एक किलोमीटरहून जास्त आहे. आपले गड म्हणजे पावसाने आणि नद्यांनी कोरून ठेवलेला हाच बेसॉल्ट खडक.

गडावर जाल तेव्हा वाटेतला एखादा दगड हातात घ्या. काळा, गुळगुळीत, वजनदार असेल तर तो लाव्ह्याच्या घट्ट भागातला. बोटाला बारीक बारीक भोकं लागली तर ती लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांची. काही भोकांत पांढरे चमकते स्फटिक दिसतील. ते बहुधा झिओलाइट. घट्ट थर सहजी झिजत नाही, त्याचा उभा कडा होतो. भोकाळ थर लवकर झिजतो, त्याचा उतार होतो. कडा, उतार, पुन्हा कडा: दुरून गडाकडे पाहिलं की थर मोजता येतात. राजगडाच्या सुवेळा माचीवर कातळाच्या भिंतीला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. खडकाचा कच्चा भाग वारा-पावसाने झिजून गेला आणि नेढं उरलं. आत बसलं की वारा असा काही घोंघावतो!

या कडे-उतारांची खरी परीक्षा चढताना होत नाही, ती होते उतरताना. चढताना दम लागतो, पण उतरताना मांड्या थरथरतात. का? चढताना मांडीचा स्नायू आखडून अंग वर उचलतो. उतरताना त्याला ताणलं जात असतानाच ब्रेक लावावा लागतो. त्या ओढाताणीत स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. म्हणून दुखणं त्या दिवशी कमी आणि एक-दोन दिवसांनी जास्त. घाबरू नका, शरीर ते तंतू दुरुस्त करतं, आणि पुढच्या वेळी तोच उतार कमी दुखवतो. एखाद्या पायरीवरून अगदी सावकाश, पाच आकडे मोजत एक पाय खाली टेकवून पाहा. दुसऱ्या पायाच्या मांडीतला ब्रेक लगेच कळेल.

मग, कोडं सुटलं ना? ऊन, पाऊस आणि लाव्ह्याच्या मातीतून भात होतो, भातातून ग्लायकोजेन, ग्लायकोजेनमधून पायांची ताकद, आणि ती ताकद पुन्हा त्याच लाव्ह्याच्या डोंगरावर चढते.

तुमच्या वयात मात्र ५३ किलोमीटर धावायचा हट्ट धरू नका. वाढत्या हाडांना आणि सांध्यांना एवढा मार सोसत नाही. आधी आईबाबांबरोबर, ताई-दादांबरोबर राजगड चालत चढा. सोबत पाणी, गूळ-शेंगदाणे आणि चिमूटभर मीठ घ्या. गडावर सरबत किंवा पिठलं-भाकरी घ्याल ती तिथल्या गावकऱ्यांकडूनच घ्या, आणि तुमची रिकामी बाटली आणि खाऊचे कागद आठवणीने खाली घेऊन या. हा डोंगर व्हायला साडेसहा कोटींहून जास्त वर्षं लागली आहेत. तो स्वच्छ ठेवायला आपल्याला एक पिशवी पुरते.